तालुका वार्ताहर आणि निवडणूक : जाहिरातीचं टार्गेट, बूथचे आकडे, जातीचा उल्लेख

पैनगंगाकाठ

निवडणूक आली की पत्रकारांच्या नीतीवर चर्चा सुरू होते, आणि ती बहुतेक स्टुडिओतल्या आरडाओरडीबद्दल असते. यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, गडचिरोलीकडच्या तालुका वार्ताहराचे प्रश्न वेगळे आहेत. त्याला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. बातमी तोच लिहितो, जाहिरात तोच आणतो, बिलाच्या वसुलीलाही तोच जातो. उमेदवार कुठल्या ना कुठल्या नात्याने ओळखीचा असतो. आणि आता गावं इतकी दुभंगली आहेत की एका पानठेल्यावर बसलं तर दुसऱ्या पानठेल्यावरचे बोलेनासे होतात.

हा धागा त्या माणसासाठी आहे. विनंती एवढीच, की कोणत्याही पक्षाची किंवा दैनिकाची बाजू नको, आपबीती नको, कामाचं लिहा. सुरुवात पैशापासून करतो.

कायदा उमेदवाराला पकडतो, वार्ताहराला नाही, हे आधी समजून घ्या. पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचा, संशय आला की जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती (सगळे एमसीएमसी म्हणतात) प्रकरण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवते. मजकूर छापून आल्यापासून किंवा तक्रार आल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस जाते. त्याने ४८ तासांत उत्तर दिलं नाही तर समितीचा निर्णय अंतिम. निर्णय मान्य नसेल तर ४८ तासांत राज्यस्तरीय समितीकडे अपील. ठरलं की ती पेड न्यूज, तर त्या जागेचा सरकारी जाहिरात दराने हिशेब करून रक्कम उमेदवाराच्या खर्चात धरली जाते, त्याने प्रत्यक्षात कितीही कमी दिले असोत. मोठ्या राज्यांत विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख आणि लोकसभेची ९५ लाख आहे, जानेवारी २०२२ पासून.

म्हणजे कायद्याच्या धाकाने वार्ताहर सरळ वागेल ही आशा सोडा. पेड न्यूजच्या प्रकरणात उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये अपात्र ठरवलं. आपल्याकडे २००९ च्या विधानसभेत अशोक चव्हाण यांच्यावरचे मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत जवळपास शब्दशः सारखे आले, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. आयोगाने २०१४ मध्ये नोटीस काढली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. या सगळ्या वर्षांच्या लढाईत मजकूर लिहिणारे हात कुठेच नव्हते.

---

रात्रपाळी

डेस्कच्या बाजूने लिहितो. पेड मजकूर ओळखणं अवघड नसतं. त्यात विरोधी उमेदवाराचं नाव नसतं, आकडा नसतो, कोण म्हणालं ते नसतं. 'झंझावाती', 'उत्स्फूर्त', 'तुफान गर्दी', 'विजय निश्चित', 'मतदारांनी ठरवलंय' असे शब्द असतात. हाच मजकूर शेजारच्या दैनिकात वेगळ्या नावाने आला असेल तर मग विचारायलाच नको.

पण खरा घोळ पैसे न घेता छापलेल्या प्रेसनोटचा आहे. उमेदवाराचा मीडिया सेल रात्री आठ-साडेआठला व्हॉट्सअॅपवर तयार बातमी, चार फोटो आणि मथळासुद्धा पाठवतो. पान लागायची वेळ जवळ आलेली असते आणि वार्ताहर ते जसंच्या तसं पुढे ढकलतो. पैसा नाही, तरी वाचकाची फसवणूक तीच.

उपाय करण्यासारखा आहे. पहिल्याच वाक्यात 'उमेदवाराच्या कार्यालयाने दिलेल्या प्रसिद्धिपत्रकानुसार' असं लिहायचं. विशेषणं काढायची, सभा कुठे झाली, कोण बोललं, कोणतं आश्वासन दिलं एवढं ठेवायचं. प्रेसनोट १०० शब्दांवर जाऊ द्यायची नाही. मीडिया सेलने दिलेला फोटो असेल तर तसं फोटोखाली छापायचं. ही शेवटची गोष्ट कोणी करत नाही, आणि गर्दीची खोटी प्रतिमा सगळ्यात जास्त तिथूनच तयार होते. त्यांचा फोटोग्राफर स्टेजजवळून खालच्या कोनातून फोटो काढतो, मागच्या रिकाम्या खुर्च्या त्यात येत नाहीत.

---

नोंदवही

रात्रपाळी, गर्दीचा मुद्दा काढलात तर त्याची रीत सांगतो. 'हजारोंची गर्दी' हे वाक्य छापायचंच नाही असं ठरवा आणि मैदान मोजा. आठवडी बाजाराचं मैदान पायांनी मोजता येतं. समजा ६० मीटर बाय ४० मीटर, म्हणजे २,४०० चौरस मीटर. स्टेज, बॅरिकेड आणि गाड्यांची जागा वजा करून लोक बसलेली जागा १,५०० उरली. प्लास्टिकच्या खुर्चीला रांगेतल्या अंतरासकट साधारण अर्धा चौरस मीटर लागतो. सगळ्या खुर्च्या भरल्या तरी तीन हजारांच्या वर माणूस बसत नाही. उभी गर्दी असेल तर सैल गर्दीत चौरस मीटरला एक, बऱ्यापैकी दाटीत दोन, अगदी रेटारेटीत चार धरा.

चूक होते ती एकच घनता सगळ्या मैदानाला लावल्याने. स्टेजपुढे दाटी आणि मागे विरळ असते, म्हणून मैदानाचे तीन पट्टे करून वेगवेगळे मोजा. मग बातमीत लिहा, 'मैदानाच्या क्षेत्रफळावरून अंदाज अडीच ते तीन हजार. आयोजकांचा दावा पंधरा हजार'. दोन्ही आकडे द्या. सगळ्या पक्षांच्या सभांना हीच रीत लावली की एकाही पक्षाला तक्रार करायला जागा राहत नाही.

जागावाटपाचंही तसंच. एक साधी वही करा, त्यात तारीख, उमेदवार, पान, किती कॉलम, किती सेंटिमीटर, फोटो होता की नाही. आठ कॉलमच्या मोठ्या पानाची उंची ५२ सेंटिमीटर धरली तर पान ४१६ कॉलम-सेंटिमीटरचं. आठवड्याला बेरीज करा. समान जागा देणं शक्य नसतं आणि गरजेचंही नाही, पण एकाला ३०० आणि दुसऱ्याला १२ मिळाली असेल तर कारण सांगता आलं पाहिजे. अपक्ष आणि लहान पक्षांचं काय होतं ते या वहीतच दिसतं. आदिवासी भागातल्या लहान पक्षांना बहुतेक वेळा फक्त अर्ज भरला त्या दिवशीच जागा मिळते.

---

मोर्शीकर

वही ठीक हाय भाऊ, पन कमिशनचं काय? वार्ताहरानं जाहिरात आणली नाही तं एजन्सी काढून दुसऱ्याले देतात. त्याले नीती सांगून काय फायदा?

---

पैनगंगाकाठ

बरोबर. म्हणून उपाय वार्ताहराच्या एकट्याच्या चांगुलपणावर सोडू नका. निवडणुकीपुरतं तरी पुढचं करता येतं. शेजारच्या दोन तालुक्यांच्या वार्ताहरांनी राजकीय जाहिरातीपुरती अदलाबदल करायची. दिग्रसच्या माणसाने पुसदच्या उमेदवाराची जाहिरात घ्यायची, पुसदच्या माणसाने दिग्रसची. कमिशन कोणाचंच जात नाही, पण ज्याची बातमी लिहायची त्याच्याकडे वसुलीला जावं लागत नाही. जिल्हा कार्यालय मान्य करतं, कारण त्यांचं टार्गेट बुडत नाही.

दुसरं, उधारी नको. राजकीय जाहिरात आगाऊ पैसे घेऊन, रिलीज ऑर्डरवर (जाहिरात छापायच्या लेखी मागणीवर) उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही घेऊनच. निकालानंतर बाकी राहिलेलं बिल हे पुढची पाच वर्षं वार्ताहराच्या गळ्यातलं दावं होतं, मग तो उमेदवार जिंको की हरो. सही नसलेली, 'हितचिंतकांकडून' आलेली जाहिरात तर घेऊच नका. उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे.

तिसरं, मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या राजकीय जाहिरातीला एमसीएमसीचं प्रमाणपत्र लागतं, छापील अंकालासुद्धा. अर्ज दोन दिवस आधी करावा लागतो. शेवटच्या रात्री येणारी 'घाईची' जाहिरात याच कारणाने नाकारता येते, आणि नाकारायला हे बरं कारण आहे.

---

अहेरीचा_रस्ता

गडचिरोलीकडच्यांनी वेळेचा हिशेब वेगळा ठेवावा. २०२४ च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी इथे मतदान दुपारी ३ पर्यंत होतं, ब्रह्मपुरी आणि चिमूरमध्ये ६ पर्यंत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ चे प्रचारबंदीचे ४८ तास मतदान संपण्याच्या वेळेपासून मागे मोजतात. म्हणजे एकाच मतदारसंघात प्रचारबंदी दोन वेगवेगळ्या वेळी सुरू होते. यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्याने सगळ्यात आधीची वेळ धरावी, दोन दिवस आधीचे दुपारचे ३. 'आम्ही टीव्ही नाही' या भरवशावर राहू नका. आयोग २०१३ पासून समाजमाध्यमांना इलेक्ट्रॉनिक माध्यमांत धरतो.

आणि मतदान झाल्यावर बूथबाहेर माइक धरून 'कोणाला दिलं?' विचारणं. कलम १२६अ प्रमाणे मतदारांनी कसं मतदान केलं याबद्दलचा कौल बंदीच्या काळात दाखवणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २०२४ मध्ये आपल्या भागात पहिलं मतदान १९ एप्रिलला झालं आणि बंदी उठली १ जूनच्या संध्याकाळी साडेसहाला, देशातला शेवटचा टप्पा संपल्यावर. आपलं मतदान उरकलं म्हणून बंदी उरकत नाही.

---

मोर्शीकर

त्यात अजून एक भर घाला. नगर परिषदेचं मतदान २ डिसेंबर २०२५ ले झालं, पन काही ठिकानचं पुढं ढकललं होतं. नागपूर खंडपीठानं सगळी मोजनी २१ डिसेंबरवर नेली अन् २० डिसेंबरचं राहिलेलं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोललेही बंदी. ज्याईनं २ तारखेच्या राती 'कोन येनार' छापाची तयारी केली होती त्याईचं सगळं वाया.

---

वैनगंगाकाठ

मला सगळ्यात गंभीर वाटणारा मुद्दा अजून आलाच नाही. बूथनिहाय आकडे.

शहरात एका इमारतीत चार बूथ असतात, कोणाचं मत कुठे गेलं कळत नाही. आपल्याकडे एक गाव म्हणजे एक बूथ, कधी एक टोला (लहान वस्ती) म्हणजे एक बूथ. निकालाच्या फॉर्म २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे असतात आणि तो सार्वजनिक असतो. मग बातमी येते, 'अमुक गावात तमुक उमेदवाराला फक्त ९ मते'. गावात त्या पक्षाच्या विचाराची घरं चार. नऊ मतं कोणाची हे शोधायला गावाला संध्याकाळही लागत नाही. पुढे रोजगार हमीचं काम, घरकुलाची यादी, वावरातला रस्ता, सगळीकडे त्याचा वचपा निघतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२८ मतदानाच्या गुप्ततेसाठी आहे आणि आपण निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती गुप्तता कॉलम करून छापतो.

माझं म्हणणं असं, की बूथचा आकडा एकटा छापूच नये. जिल्हा परिषदेच्या गटानिहाय, नाहीतर निदान पंचायत समितीच्या गणानिहाय बेरीज करून छापावा. कल कळतो, माणूस कळत नाही.

---

नोंदवही

वैनगंगाकाठ, इथे मी सहमत नाही. मोजणीच्या टेबलाजवळ बसलेले सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी प्रत्येक यंत्राचा आकडा वहीत उतरवतात. निकालाच्या दिवशी दुपारीच तो गावात पोचलेला असतो. वर्तमानपत्राने झाकला तर फक्त सामान्य वाचकापासून झाकला जातो, पुढाऱ्यापासून नाही. उलट एखाद्या केंद्रावर ९० टक्क्यांच्या वर मतदान झालं, तेही गावातले निम्मे लोक ऊसतोडीला किंवा पुण्याला गेलेले असताना, तर तो आकडा छापलाच पाहिजे. बोगस मतदान असंच सापडतं.

---

वैनगंगाकाठ

तुमचं उदाहरण रास्त आहे आणि तिथे मी छापेन. पण तो एकूण मतदानाचा आकडा झाला. मी बोलतोय कमी पडलेल्या मतांबद्दल. पुढाऱ्याला आकडा माहीत असतो हे खरं, पण वर्तमानपत्र त्याच्यावर अर्थ लावतं, 'अमुक वस्ती विरोधात गेली' म्हणून. आकडा पुढाऱ्याच्या वहीत असतो तेव्हा ती कुजबुज असते. छापला की त्याचा दाखला होतो आणि ग्रामसभेत कात्रण दाखवून भांडण होतं.

म्हणून थोडी सुधारून मांडतो. एका उमेदवाराला एका केंद्रावर २५ पेक्षा कमी मतं असतील तर गावाच्या नावासह छापू नका. केंद्राच्या आकड्याला जातीचं किंवा धर्माचं लेबल कधीच लावू नका. आणि बहिष्काराची बातमी करताना, गावाने रस्त्यासाठी किंवा पुलासाठी बहिष्कार टाकला आणि तरी दोघा-तिघांनी मत दिलं, तर ते कोण हे लिहू नका. कोतवाल की पोलीस पाटील हा इशारासुद्धा नको.

२५ हा आकडा कुठल्या नियमात नाही, माझा आहे. कोणाला १५ वाटला तर १५ धरा, पण मोजणीच्या आधी ठरवा. निकालानंतर ठरवला की तो सोयीने ठरतो.

---

अहेरीचा_रस्ता

याला जोडून, शाई लावलेल्या बोटाचा फोटो. भामरागड, एटापल्ली, कोरचीकडच्या आतल्या गावांत वर्षानुवर्षं माओवाद्यांचा बहिष्कार असायचा आणि शाई लागलेलं बोट म्हणजे धोका. परिस्थिती आता बरीच निवळली आहे, तरी चेहरा आणि बोट एकत्र दाखवणारा फोटो विचारल्याशिवाय नको, फोटोखाली गावाऐवजी तालुका लिहा. मतदान पथकं कोणत्या मार्गाने, किती वाजता, कोणत्या हेलिपॅडवरून जाणार हे पथकं पोचून परत येईपर्यंत लिहायचं नाही.

तिथे भाषेचाही प्रश्न आहे. माडिया, गोंडी बोलणाऱ्या बाईचं म्हणणं आपल्याला कोण सांगतं? बहुतेक वेळा गाडीतून बरोबर आलेला पक्षाचा कार्यकर्ता. तिने चार वाक्यं बोललेली असतात आणि तो एकात सांगतो, 'साहेबांवर खूश आहे म्हणते.' दुभाष्या म्हणून शाळेचा मास्तर, आशाताई, वनहक्क समितीचा पोरगा घ्या. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि तालुक्याला आल्यावर दुसऱ्या भाषिकाला ऐकवून ताडून बघा. मेळघाटात कोरकूचं आणि तांड्यावर बंजारा भाषेचं हेच.

उमेदवाराच्या गाडीचंही बोला. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एसटीने जाऊन त्याच दिवशी बातमी देता येत नाही. म्हणून वार्ताहर उमेदवाराच्या ताफ्यात बसतो, त्याच्याच डब्यात जेवतो. चार जणांनी मिळून एक गाडी केली आणि डिझेल वाटून घेतलं तर हा पेच सुटतो. तेही जमलं नाही आणि ताफ्यातच जावं लागलं तर बातमीच्या शेवटी एक ओळ द्या की वार्ताहर उमेदवाराच्या वाहनातून गेला होता. वाचक त्यावरून काय ते समजतो.

---

शाईपेन

जातीच्या उल्लेखावर कोणी लिहील का? 'दोन गटांत वाद' एवढंच लिहायची पद्धत आहे. ती बरोबर की चूक?

---

रात्रपाळी

दोन्ही. मिरवणुकीत घोषणांवरून दगडफेक झाली, कोणी सुरुवात केली हे पोलिसांनाही पक्कं माहीत नाही, तेव्हा समाजाचं नाव न घालणंच योग्य. प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वंही तणाव वाढेल असं न लिहिण्याकडेच बोट दाखवतात. गाव एक असतं, पण बातमी पन्नास गावांत वाचली जाते.

मात्र एखाद्या वस्तीने अमक्याला मत दिलं म्हणून तिचं पाणी तोडलं, चक्कीवर दळण नाकारलं, मजुरीला बोलावणं बंद केलं, तर तो 'दोन गटांतला वाद' नाही. तिथे कोणावर आणि का हे न लिहिणं म्हणजे घटना लपवणं. २००६ मध्ये खैरलांजीच्या सुरुवातीच्या बातम्यांत जात मागे पडली आणि अनैतिक संबंधांची कुजबुज पुढे आली. त्याचं काय झालं हे भंडारा जिल्ह्याला सांगायला नको. मी कसोटी अशी लावतो, की जात काढून टाकली तर घटनेचं कारण समजतं का? समजत असेल तर काढा. समजत नसेल तर लिहा, पण एफआयआरचं कलम, तक्रारदाराचं म्हणणं आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं यांच्यासह.

विखारी भाषणाचंही लगे हाथ सांगतो. वक्त्याचं जळजळीत वाक्य मथळ्यात घातलं की आपण त्याचा भोंगा होतो. मथळ्यात कृती घ्या, 'अमुक सभेतल्या भाषणाबद्दल निवडणूक अधिकाऱ्यांकडे तक्रार'. मजकुरात भाषणाचा आशय आपल्या शब्दांत द्या. शब्दशः वाक्य तेव्हाच, जेव्हा त्या शब्दांवरच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ खाली (समाजांत वैर पसरवल्याचा) गुन्हा दाखल झाला असेल. भाषणाचं पूर्ण रेकॉर्डिंग निकालानंतरही जपून ठेवा, कारण 'तोडूनमोडून छापलं' हा आरोप ठरलेला आहे.

---

मोर्शीकर

व्हिडिओचं मी सांगतो. व्हिडिओ कुठचा हाय हे पाहाले आधी मागचं वावर पाहा. आमच्याकडं एप्रिलात उलंगवाडी, म्हनजे कापसाची शेवटची वेचनी, झालेली असते, वावर नांगरून पडलेलं. सोयाबीन आक्टोबरात निघते. एप्रिलच्या सभेचा म्हनून आलेल्या व्हिडिओत रस्त्याच्या बाजूनं हिरवं सोयाबीन दिसलं तं तो त्या सभेचा नाही. दुकानाच्या पाट्या पाहा, एसटीवरची डेपोची अक्षरं पाहा, बॅनरवरचा उमेदवार या टायमाले त्याच पक्षात हाय का ते पाहा. आजकाल हे शेवटचं लय कामी पडते.

---

वैनगंगाकाठ

मोर्शीकर भाऊ, भंडारा-गोंदियात मात्र एप्रिलमध्ये उन्हाळी धान हिरवंगार उभं असतं. तेवढं ध्यानात ठेवा, नाहीतर खरा व्हिडिओ खोटा ठरवाल.

तांत्रिक बाजू अशी. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा आलेला फोटो किंवा व्हिडिओ आकसलेला असतो आणि कधी, कुठे काढला ही माहिती त्यातून गळालेली असते. पाठवणाऱ्याला मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तो म्हणाला 'मलाही फॉरवर्डच आला', तर साखळीत मागे जा. मूळ माणूस सापडला नाही तर छापू नका. व्हिडिओतली दोन-तीन स्थिरचित्रं काढून गूगल लेन्सवर टाका, जुनं दृश्य असेल तर बहुतेक वेळा सापडतं.

ऑडिओ क्लिप जास्त धोक्याची. मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवाराच्या आवाजात चाळीस सेकंदांची क्लिप फिरते. आता आवाज बनवता येतो. पूर्ण संभाषण मागा, तुकडा नको. बोलणाऱ्या दोघांपैकी निदान एकाने 'हो, हे आमचंच बोलणं' म्हटल्याशिवाय बातमी करू नका. उमेदवाराला फोन केला ती वेळ वहीत टिपा. बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी तो तीन तासांत काढावा असं आयोगाने मे २०२४ मध्ये सांगितलं आहे. पण गावच्या ग्रुपवर तीन तास म्हणजे सगळं गाव.

ग्रुप अॅडमिन असलेल्या वार्ताहरांसाठी, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अॅडमिन केवळ अॅडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो. हे संरक्षण दुसऱ्याच्या पोस्टपुरतं आहे. स्वतः पुढे ढकललं की ते आपलंच.

---

शाईपेन

ईव्हीएमबद्दल काय लिहावं? 'यंत्रात बिघाड' लिहिलं तर एक बाजू तुटून पडते, नाही लिहिलं तर दुसरी.

---

नोंदवही

बिघाड कोणत्या भागात ते लिहा, निम्मा वाद संपतो. बॅलट युनिट (ज्यावर बटण दाबतात), कंट्रोल युनिट (ज्यात मतं साठतात) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी दाखवणारं) हे तीन भाग. मतदान सुरू असताना बॅलट किंवा कंट्रोल युनिट बंद पडलं तर तिन्हींचा पूर्ण संच बदलतात. नुसतं व्हीव्हीपॅट बंद पडलं तर तेवढंच बदलतात. किती वाजता बंद पडलं, किती वाजता सुरू झालं, तोवर किती मतं नोंदली होती, हे क्षेत्रीय अधिकाऱ्याला विचारा. 'दुसऱ्यालाच मत गेलं' अशी तक्रार असेल तर निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ४९एमए खाली लेखी देऊन चाचणी मत मागता येतं. मतदाराने ते मागितलं का आणि काय निघालं, ही बातमी. त्याआधीची आरोळी ही बातमी नाही.

टक्केवारीला वेळ लावल्याशिवाय छापू नका. २०२४ च्या विधानसभेला संध्याकाळी ५ चा राज्याचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५. यावरून किती रान उठलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाचचा आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो. सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान पुढे चालतं, दुर्गम भागातले आकडे उशिरा येतात. हे कारण छापा. त्याचबरोबर संशय घेणाऱ्याला मूर्ख ठरवू नका. प्रत्येक केंद्रावर मतदान संपल्यावर फॉर्म १७सी (नोंदलेल्या मतांचा हिशेब) भरतात आणि त्याची प्रत हजर मतदान प्रतिनिधींना देतात. आपल्या तालुक्यातल्या दहा केंद्रांच्या प्रती दोन विरोधी पक्षांच्या प्रतिनिधींकडून घ्या, मोजणीच्या दिवशीच्या आकड्यांशी जुळवा आणि जे निघेल ते छापा. जुळलं तरी छापा, नाही जुळलं तरी छापा. तालुक्याच्या वार्ताहराला हे जमतं, स्टुडिओला जमत नाही.

ग्रामपंचायतीच्या निकालाला आणखी एक पथ्य. ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्या इतक्या ग्रामपंचायती आल्या म्हणून यादी पाठवतो आणि सगळ्या याद्यांची बेरीज तालुक्यातल्या एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. 'दावा' हा शब्द मथळ्यात हवा, किंवा पॅनेलचं नाव लिहा आणि थांबा.

---

पैनगंगाकाठ

शेतकरी आत्महत्येबद्दल एक गोष्ट. प्रचारात मृताच्या पत्नीला स्टेजवर बसवतात. तिची सरकारी मदतीची एक लाखाची फाइल तेव्हा तहसीलमध्ये पात्र-अपात्रच्या तपासणीत असू शकते. 'मी येऊ का' असं तिनं विचारलं होतं की तिला आणलं गेलं, हे स्टेजपासून दूर, कार्यकर्ते नसताना विचारा. फोटो नको म्हणाली तर नको. आणि एका मृत्यूचं कारण म्हणून एका पक्षाचं नाव मथळ्यात घालू नका.

शेतमालाच्या भावाबद्दलच्या दाव्यांची तपासणी मात्र जरूर करा. 'सोयाबीनला सहा हजार मिळवून दिला' म्हटलं की बाजार समितीचा त्या तारखांचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर बघा. पुढारी कमाल दर सांगतो, विरोधक किमान. शेतकऱ्याच्या हाती जे पडलं त्याच्या जवळ जाणारा सर्वसाधारण दर असतो, शेजारी त्या हंगामाचा हमीभाव द्या. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, २०२५-२६ चा ५,३२८. हंगाम चुकवून तुलना करणं ही नेहमीची चलाखी आहे.

---

शाईपेन

शेवटचं विचारतो. मतदानाच्या आदल्या रात्री पैसे वाटल्याचे फोन येतात. तेव्हा काय करावं?

---

रात्रपाळी

फोन करणाऱ्याला निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर तक्रार टाकायला सांगा. त्यावर १०० मिनिटांत कार्यवाहीची मुदत असते. आपण भरारी पथकाकडून तीन गोष्टी घ्यायच्या : पंचनामा झाला का, रक्कम किती, कोणाच्या ताब्यातून. पंचनामा नसेल तर 'पैसे वाटले' नाही, 'पैसे वाटल्याची तक्रार, पथकाला काही आढळलं नाही' असं.

एक मोठी चूक आपल्या भागात दर निवडणुकीत होते. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता असलेल्या वाहनात ५० हजारांवर रोकड सापडली तर ती जप्त होऊ शकते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत कापूस विकून चुकारा घेऊन परतणारा शेतकरी आणि रोखीने खरेदी करणारा खेडा व्यापारीही नाक्यावर अडवला जातो. रात्री 'निवडणुकीची रोकड पकडली' म्हणून नाव-गावासकट बातमी लागते. त्याची रक्कम पुढे जिल्ह्याची तक्रार निवारण समिती कागद बघून सोडते, पण ते कोणी छापत नाही आणि त्याच्या पोरीच्या सोयरिकीपर्यंत ती बातमी पोचते.

त्यामुळे जप्तीच्या बातमीत नाव नको, गुन्हा दाखल होईपर्यंत तरी. 'कापूस पट्टीची पावती होती का' हे पथकाला विचारून उत्तर बातमीत घ्या. आपल्या वहीत जप्तीचा पंचनामा क्रमांक लिहून ठेवा आणि आठवड्याने निवारण समितीकडे त्याच क्रमांकाची चौकशी करा. रक्कम सोडली असेल तर ती बातमी त्याच पानावर, तेवढ्याच कॉलमात लावा. व्हॉट्सअॅपवर पहिली बातमी ज्या ग्रुपांत टाकली होती त्या सगळ्या ग्रुपांत हीसुद्धा टाका. ग्रुपांची यादी आधीच वहीत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.